कंबर कुणी बरी केली?

कंबर धरली की पहिला प्रश्न येतो, "काय उचललंस?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत एक अपेक्षा असते. निदान गॅसचा सिलिंडर, गेला बाजार गव्हाचं पोतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. टूथपेस्टचं टोपण बेसिनखाली गेलं, ते घ्यायला वाकलो आणि कमरेत अशी चमक निघाली की टोपण राहिलं बाजूला, मलाच उचलायची वेळ आली. टोपण म्हटलं की माणूस क्षणभर गप्प होतो आणि "वय झालं आता" म्हणून पुढे जातो. म्हणून पुढे पुढे मी सिलिंडर सांगायला लागलो. तळमजल्यावरच्या काकांनी "भरलेला?" असं आदराने विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. त्याच वेळी स्वयंपाकघरात बायको भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवत होती. तिने तिथूनच माझ्याकडे एकदा पाहिलं.

ताप आला तर लोक विचारतात, "कुठल्या डॉक्टरकडे गेला होतास?" कंबर धरली तर कुणी विचारत नाही, सगळे सांगतातच. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यातले निम्मे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत राहत असावेत आणि उरलेले आमच्या नात्यात.

नात्यातली पहिली तुकडी म्हणजे संगमेश्वरची आत्या. दोन पिशव्या आणि फणस घेऊन ती दारात उभी राहिली (पिशव्या आणि फणस बायकोने आत घेतले), चपला काढायच्या आधीच तिने निदान केलं, "बाळ्या, उसण भरलीय." पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हटलं की त्याची विरोध करायची शक्ती निघून जाते. लसूण घालून तापवलेलं तिळाचं तेल चोळून झालं. मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्यायचं ठरलं. मुलाने फोनवरून निर्गुडी मागवली, तर तिची पावडर आली. आत्याने ती डब्यासकट परत पाठवली आणि खडेमीठ तव्यावर तापवून त्याची पुरचुंडी बांधली. तवा थोडा जास्त तापला होता. मी जो ओरडलो तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला.

"कंबर दुखतेय का आता?" आत्याने विचारलं.

खरं म्हणजे कातडी अशी पोळली होती की कमरेची आठवणही राहिली नव्हती. "नाही," मी म्हणालो.

"बघ!"

भाजलं म्हणून तिने वरून आंबेहळदीचा लेप लावला. चादर, उशी, बनियन, सगळं पिवळं झालं. या वयात पुन्हा हळद लागल्याची बातमी कपडे वाळत घालताना सोसायटीभर झाली.

एवढं करूनही कंबर सरळ होईना, तेव्हा आत्याने अखेरचा उपाय काढला. पायाळू माणूस. जन्मताना पायांनी जगात आलेल्याने उसणीच्या जागी पाय लावला की उसण जाते, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बी विंगमधले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पायाळू आहेत, हे मी इतकी वर्षं शेजारी राहून ऐकलं नव्हतं. आत्याने येऊन दोन दिवसांत शोधून काढलं.

गृहस्थ पाय धुऊन आले. चेहऱ्यावर सराईत माणसाची शांतता होती.

"डावा पाय, तीन वेळा," आत्या म्हणाली.

"कल्पना आहे," ते म्हणाले. "फक्त माझा गुडघा जरा धरतो. तुम्ही खालीच झोपा."

मी चटईवर पालथा पडलो. पहिल्या दोन वेळा पाय लागला आणि निघाला. तिसऱ्या वेळी लागला आणि तिथेच राहिला. गृहस्थ खिडकीचं ग्रिल धरून एका पायावर उभे, दुसरा पाय माझ्या कमरेवर, आणि गुडघ्यात कळ.

"हलू नका," ते दात आवळून म्हणाले.

"मी कुठे जाणार?" मी चटईला सांगितलं.

शेवटी वॉचमनला बोलावलं. त्याने आधी पायाळूंना सोडवलं, मग मला उभं केलं. उभं करताना कमरेला जो हिसका बसला त्याने जरा मोकळं वाटलं, हे मी नको तिथे बोलून गेलो. आत्या लगेच बायकोला म्हणाली, "वॉचमन पायाळू आहे का, विचार."

तळमजल्यावरच्या काकांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास एमआरआयवर. आपला एमआरआय ते मोठ्या पाकिटात घालून जपून ठेवतात आणि आल्यागेल्याला उजेडावर धरून दाखवतात.

"माझं एल फोर, एल फाइव्ह. तुझं?"

"मी अजून काढला नाही."

"अरे अरे," काका म्हणाले. एल फोर, एल फाइव्ह नसलेल्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं.

आता, कुशीवर वळता येत नसलेला माणूस रात्री करणार काय? फोनवर वाचत पडतो. त्यात मला १९९४ सालचा एक अभ्यास सापडला. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. ज्यांच्या कमरेला काडीचाही त्रास नाही अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांची मणक्यांमधली एखादी तरी चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले लोक अवघे ३६ टक्के. म्हणजे फोटोत दिसतं ते दुखतंच असं नाही. मी ही माहिती काकांना दिली. काकांनी पाकीट छातीशी धरलं. पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मधल्या काळात मी औषधांच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणला. पट्टा शर्टाच्या आतून बांधायचा असतो. मी तो शर्टावरून बांधला आणि स्टेशनवर गेलो, तेव्हा त्याचा खरा गुण कळला. मध्य रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात तिघांच्या बाकावर चौथा बसतो. अर्धं बूड बाकावर, अर्धं वाटेत, एक पाय पुढच्याच्या पिशवीवर आणि मान कुणाच्या तरी काखेत. ही चौथी सीट मी नोकरीला लागल्यापासून चालवतोय. पण पट्टा दिसल्यावर लोक सरकले. एका तरुणाने तर मला खिडकीत बसवलं. कित्येक वर्षांनी मला गाडीतून खाडी दिसली.

शेवटी भाच्याने विषय काढला, "मामा, ऑस्टिओपॅथकडे जा."

"होमिओपॅथ?" आत्या म्हणाली. "त्याच्या साबुदाण्याने काय होणार?"

"आत्याआजी, गोळ्या नाहीत. ते हातांनी करतात."

"मग आपला हाडवैद्यच की."

भाच्याला हे पटलं नाही, पण आत्याचं अगदीच चुकत नव्हतं. ऑस्टिओपॅथी काढणारे अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतले डॉक्टर. हाडं झटपट बसवणारा म्हणून तेही गावोगाव फिरत असत. लहानपणी, दहाएक वर्षांचे असताना त्यांचं डोकं दुखायला लागलं. तेव्हा त्यांनी दोन झाडांना नांगराची दोरी बांधली, जमिनीपासून वीतभर उंच, तिच्यावर पांघरुणाचं टोक टाकलं आणि मान ठेवून झोपून गेले. उठले तेव्हा डोकेदुखी थांबलेली. आमच्याकडे पोरगा झाडांना दोरी बांधून मान अडकवताना दिसला असता तर आईने पाठीत धपाटा घालून ऑस्टिओपॅथीचा तिथल्या तिथे निकाल लावला असता. स्टिलना आडकाठी करणारं कुणी नसावं. १८७४ साली त्यांनी आपली पद्धत जाहीर केली आणि १८९२ साली मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात तिचं कॉलेज काढलं. सगळ्या रोगांचं मूळ हाडांच्या बिघाडात आहे, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. त्यांच्या आजच्या वारसांपैकी शहाणे लोक तिथपर्यंत जात नाहीत. ते कंबर, मान, खांदा एवढ्यावर समाधानी असतात. अमेरिकेत मात्र हे शिकलेले लोक आज पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये १९९३ साली कायदाच झाला, त्यामुळे तिथे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही.

मला या सगळ्यात आवडले ते मार्क ट्वेन. १९०१ साली न्यूयॉर्क राज्यात ऑस्टिओपॅथांना परवानगी द्यावी की नाही यावर वाद चालू असताना हे गृहस्थ ऑल्बनीला जाऊन त्यांच्या बाजूने बोलले. म्हणणं असं, की शरीर माझं, त्यावर कुणाला प्रयोग करू द्यायचे ते मी ठरवीन. मार्क ट्वेन डोंबिवलीत राहत नव्हते. इथे शरीर आपलं असतं, पण कंबर सोसायटीची.

ऑस्टिओपॅथचा दवाखाना ठाण्यात. मूळचे फिजिओथेरपिस्ट, पुढे ऑस्टिओपॅथी शिकलेले, वय पस्तिशीच्या आतलं. मी, बायको आणि आत्या गेलो. आत्याला तपासायच्या खोलीत यायचं होतं. दारातच खुर्ची दिली, त्यावर तडजोड झाली.

त्यांनी आधी भरपूर विचारलं. पडला होतात का? ताप येतो का? वजन आपोआप कमी झालंय का? पायातली ताकद गेली का? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का?

"लघवीवर ताबा आहे ना?"

"आहे," मी हळू आवाजात म्हणालो.

"लहानपणी नव्हता," दारातून आत्या म्हणाली.

यातलं काही असतं तर मी हात लावला नसता, सरळ हॉस्पिटलात पाठवलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला. आत्यापासून पट्टेवाल्यापर्यंत आजवर कुणीही मला परत पाठवायची भाषा केली नव्हती.

"शर्ट काढा. सरळ उभे राहा."

"उभा आहे."

"सरळ म्हटलं मी."

"हाच सरळ."

ते मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. आपल्या पाठीकडे कुणी एवढं लक्ष देऊन बघितलं की उगीच काहीतरी लपवावंसं वाटतं. "डावा खांदा वर आहे," ते म्हणाले.

"त्याच्या वडिलांचाही होता," आत्या म्हणाली.

"दिवसभर बसता कसे?"

"ऑफिसात की गाडीत?"

"गाडीत?"

"चौथी सीट."

डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कल्याणचा." आजारी आणि वैद्य यांच्यात यापेक्षा जास्त जवळीक होऊ शकत नाही.

मग त्यांनी मला टेबलावर घेतलं. मला वाटलं होतं धरतील आणि मोडतील. तसं काही नाही. एक पाय उचलून धरला आणि म्हणाले, "माझ्या हाताविरुद्ध हळूच ढकला. थोडंच. हां. आता सैल सोडा." सोडला की तोच पाय आणखी थोडा पुढे जातो, पुन्हा ढकलायचं, पुन्हा सोडायचं. यात ढकलणं सोपं आहे, अडतं ते सोडण्यापाशी.

"सैल सोडा."

"सोडलाय."

"मी हात काढून घेतलाय. पाय अजून वरच आहे."

मी मान वळवून बघितलं. पाय खरोखरच एकटा हवेत उभा होता.

"तुम्ही मला मदत करताय. करू नका," डॉक्टर म्हणाले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं. साहेबांचं तर कायम उलटंच असतं.

शेवटी त्यांनी मला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पोटाशी घेतला, खांदा मागे धरला आणि श्वास सोडायला सांगितला. कट्!

आत्या खुर्चीतून उठलीच. "बसला! मणका बसला!"

"आजी, मणका सरकलाच नव्हता," डॉक्टर म्हणाले. "सांध्यात वंगणासाठी द्रव असतो. सांधा ताणला की त्यात गॅसचा बुडबुडा तयार होतो. त्याचा हा आवाज."

आत्या खाली बसली. "फी घेता आणि बुडबुडे सांगता?"

तिची निराशा मला कळत होती. आमच्याकडे आवाजाला फार मान आहे. दृष्ट काढताना कानशिलावर बोटं मोडतात, त्यात जितका कडकडाट जास्त तितकी दृष्ट मोठी. एक बोट वाजलं तर कुणी विचारत नाही, दहाच्या दहा वाजली तर त्या बाळाचं कौतुक गावभर. मी आत्याला बरं वाटावं म्हणून डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांची गोष्ट सांगितली. बोटं मोडल्याने संधिवात होतो म्हणून लहानपणी घरच्या बायका रागावत, तेव्हा या माणसाने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली आणि उजवी तशीच ठेवली. दोन्ही हातांत फरक पडला नाही. २००९ साली त्यांना गमतीदार संशोधनासाठी देतात ते इग नोबेल मिळालं.

"साठ वर्षं डाव्या हाताने कुणाची दृष्ट काढत होता?" आत्या म्हणाली.

जाताना डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर काड्यांच्या माणसांची चार चित्रं, चार व्यायाम. झोपून राहायचं नाही, चालायचं, पट्टा सोडायचा. हातांनी केलेला उपचार व्यायामाला जोडून असेल तरच करावा, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली सांगितलंय आणि कमरेचे पट्टे देऊच नका असंही सांगितलंय, हे त्यांनी समजावलं. पट्ट्याबद्दल मला एवढंच वाटलं, की ती मार्गदर्शिका लिहिणारे सकाळच्या डोंबिवली फास्टने कधी गेलेले नसावेत.

"किती दिवसांत बरं वाटेल?"

"बहुतेकांची अशी अचानक धरलेली कंबर काही आठवड्यांत सुटते."

"तुमच्याकडे आल्यावर?"

"न येताही पुष्कळांची सुटते."

फी घेणारा माणूस हे सांगतो म्हटल्यावर मी गोंधळलो. "मग तुम्ही काय करता?"

"दुखणं थोडं हलकं करतो. आणि तोवर तुम्ही घाबरून अंथरुणाला खिळू नये, हे बघतो."

कागद मी घरी येऊन फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावला. लावला की निम्मं काम झालं अशी माझी समजूत आहे. सोमवारपासून सुरू करायचं ठरलं. कुठल्या सोमवारपासून हे ठरलं नव्हतं. पुढच्या भेटीला डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करता?"

"रोज."

"दाखवा."

मी जे आठवलं ते करून दाखवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हा छान आहे. पण माझ्या कागदावर नाही."

आणि एका सकाळी, न कण्हता, मी उभ्याने मोजा घातला. दुसराही घातला. कंबर बरी झाली होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आत्याने संगमेश्वरला फोन करून तेलाचा आणि मिठाचा महिमा सांगितला. बी विंगच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला "बसली ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गुडघा चोळत निघून गेले. वॉचमन मी दिसलो की दोन्ही हात पुढे करून "साहेब, पुन्हा?" अशी खूण करतो. औषधांच्या दुकानदाराने पट्टा कसा आहे विचारलं, भाच्याने "मामा, सांगितलं होतं ना" असा निरोप पाठवला. काका तेवढे सावध. "रिपोर्ट नाही," ते म्हणाले, "मग बरी झाली हे कशावरून?" डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं तेव्हा या माणसाने फक्त "छान, चालणं सोडू नका" म्हटलं. श्रेय मागायला न येणारा हा एकटाच निघाला, त्यामुळे त्यालाच द्यावं असं माझ्या मनात येऊ लागलं होतं.

त्या रविवारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात फ्रिजसमोर बायको चटईवर पडली होती. मी घाबरलो. तर ती गुडघे उभे करून कंबर वर उचलत होती. कागदावरचं तिसरं चित्र, हुबेहूब.

"हे काय?"

"सहा, सात," ती म्हणाली. दहा झाल्यावर उठून बसली. "माझी कंबर दुखायची ना. आता बरीच बरी आहे."

"तुझी? कधीपासून?"

"मुलगा झाल्यापासून."

"मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे."

"हो ना."

"मग बोलली नाहीस कधी ती?"

"बोलून? आत्या मीठ तापवायला बसल्या असत्या आणि काकांनी पाकीट आणलं असतं. आणि तुमची कंबर धरल्यावर घरात दुसरी कंबर धरायला जागा कुठे होती?"

"पण हा कागद तर माझा आहे. वर माझं नाव आहे."

"नाव तुमचं, फी तुम्ही भरलीत," बायको चटईची गुंडाळी करत म्हणाली. "एवढे पैसे दिले म्हटल्यावर व्यायाम कुणीतरी करायला नकोत?"